रंगलेल्या बोटांचा डॉक्टर

१८७६ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात रॉबर्ट कॉख नावाचा एक आडगावचा डॉक्टर आपले अँथ्रॅक्सचे प्रयोग दाखवायला आला होता. त्याला प्रयोगशाळा फिरून दाखवताना कुणीतरी कोपऱ्यातल्या एका टेबलाकडे बोट केलं आणि सांगितलं, की तो आमचा छोटा एर्लिख, रंग द्यायला एकदम पटाईत, पण परीक्षा काही पास होणार नाही. निदान गोष्ट तरी अशी सांगितली जाते. मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असा एक तरी नमुना असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तो भलतंच काहीतरी उघडून बसलेला असतो, त्याची जर्नल अर्धवट असते आणि सगळे त्याच्या केट्या मोजत असतात. एर्लिख हा त्या जमातीचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. (मी त्याला अरे-तुरे करतेय, कारण त्याच्याबद्दल वाचता वाचता तो मला वर्गातलाच वाटायला लागला. नोबेलवाल्या माणसाला एकेरी म्हटलं म्हणून सरांनी रागावू नये.)

पॉल एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ चा, सायलेशिया प्रांतातल्या श्ट्रेलेन या लहानशा गावातला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडिलांची खाणावळ आणि दारू गाळायचा धंदा. घरात डॉक्टरकी नव्हती, पण आईकडून एक मामेभाऊ होता, कार्ल वायगर्ट, पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हा वायगर्ट शरीरातल्या ऊतींचे पातळ काप करून त्यांना रंग द्यायचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून काही दिसेल. त्या काळी हे रंग अगदी नवे होते. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनवायचा प्रयत्न केला आणि त्यातून निघाला जांभळा रंग! मग जर्मनीत रंगांचे कारखानेच कारखाने उभे राहिले. केमिकलच्या मंडळींना हा इतिहास माहीत असेलच, नसेल तर पुढच्या व्हायव्हाला विचारतील. भावाच्या टेबलावरचे हे रंग बघून पॉलला जे वेड लागलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही.

शाळेत लॅटिन आणि गणित बरं, निबंध मात्र भयानक. शेवटच्या परीक्षेत जीवन हे एक स्वप्न आहे असा काहीतरी विषय आला, तर याने लिहिलं म्हणे, की जगणं म्हणजे साधं ऑक्सिडेशन आणि स्वप्न म्हणजे मेंदूतली चमक. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असलं लिहिलं असतं तर सिस्टरनी दुसऱ्या दिवशी आई-बाबांना बोलावलं असतं.

मेडिकलला तो ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लायपझिग असा फिरत राहिला. बोटं कायम निळी-जांभळी, टेबलावर डागच डाग. शिकत असतानाच त्याच्या हातात शिशाच्या विषबाधेवरचं एक लिखाण पडलं. शिसं शरीरात सगळीकडे सारखं पसरत नाही, काही अवयव ते जास्त ओढून घेतात, असं त्यात होतं. बाकीच्यांनी ही ओळ वाचून पान उलटलं असतं. एर्लिख तिथेच अडकला. का बरं? हा पदार्थ इथेच का चिकटतो आणि तिथे का नाही? त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाची उत्तरं शोधण्यात गेलं, असं मला वाटतं. शिसं डोळ्यांना दिसत नाही, रंग दिसतो. म्हणून त्याने रंग धरला.

आणि या रंगांनीच त्याला ती पेशी दाखवली. ऊतींमधल्या काही पेशी अॅनिलिनच्या बेसिक रंगांनी अशा रंगत होत्या, की त्यांच्या पोटात ठासून भरलेले कण उठून दिसायचे, एखाद्या पिशवीत साबुदाणा भरावा तसे. गंमत म्हणजे कणांवर चढलेल्या रंगाची छटाच बदलायची. निळा रंग टाकावा तर कण जांभळट-लाल दिसावेत! आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे. त्या कणांमध्ये हेपरिनसारखे सल्फेटने लगडलेले, प्रचंड ऋण भाराचे रेणू असतात. त्यांच्यावर रंगाचे रेणू इतके दाटीवाटीने बसतात की प्रकाश शोषण्याची त्यांची पद्धतच बदलते. एर्लिखकडे यातलं काही नव्हतं, पण हा साधा डाग नाही, ही रासायनिक क्रिया आहे, हे त्याने ओळखलं. १८७८ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, लायपझिगला त्याने जो प्रबंध दिला, त्यात या पेशींचं वर्णन आहे. पोट भरलेलं दिसतंय म्हणजे खाऊन-पिऊन सुखी पेशी, असं समजून त्याने नाव ठेवलं मास्टत्सेलेन. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावराला चारून पुष्ट करणं. आपल्या मराठीतला मस्त आणि हा मास्ट यांचा अर्थ जुळतो खरा.

म्हणजे नाव चुकलं. त्या पेशी खाऊन फुगलेल्या नव्हत्याच. त्यांच्या पोटात जे भरलं होतं ते अन्न नव्हतं, दारूगोळा होता. पण हे कळायला पुढची पाऊणशे वर्षं जायची होती.

आता मी एर्लिखच्या नादी कशी लागले ते इथेच सांगून टाकते. सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला मामाकडे गेले होते. मामीने कुर्ल्यांचं कालवण केलं होतं. लहानपणापासून कितीतरी वेळा खाल्लंय, कधी काही झालं नाही. त्या दिवशी हात धुवायच्या आत तळवे खाजायला लागले. मग अंगभर पित्त उठलं. मामीने आमसूल भिजवलेलं पाणी आणलं, कोकणात पित्त उठलं की तेच लावतात. पण पाच मिनिटांत ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मामाने आमसुलाची वाटी बाजूला सारली आणि मला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी काहीही न विचारता मांडीत अॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, पाय उंच करून झोपवलं, ऑक्सिजन लावला. पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आले. संध्याकाळी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढला, त्यात ठिपके काढले आणि त्याला मास्ट सेल म्हणतात असं सांगितलं. उशीर झाला असता तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मामाच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत त्या ठिपक्यांच्या मागे लागले, तो एर्लिखपर्यंत पोचले.

तर ते ठिपके काय करतात? मास्ट पेशी रक्तात फिरत नाहीत. त्या त्वचेत, श्वासनलिकांत, आतड्याच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांच्या आसपास ठाण मांडून असतात. म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला शिवतं, त्या प्रत्येक वेशीवर. त्यांच्या अंगावर आयजीई नावाच्या प्रतिपिंडांना धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. मी आधी जेव्हा जेव्हा कुर्ल्या खाल्ल्या, तेव्हाच कधीतरी शरीराने कुर्लीच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवून या पेशींवर बसवून ठेवलं होतं. मला पत्ताही नाही. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं, शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं, पेशीला इशारा मिळाला आणि कणांतला माल काही मिनिटांत बाहेर! त्यातल्या हिस्टामिनने रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, म्हणून सूज आणि पित्त. बरोबरच्या इतर रसायनांनी श्वासनलिका आवळतात. सगळ्या अंगात एकदम झालं की रक्तदाब कोसळतो. अॅड्रिनलिन या सगळ्याच्या नेमकं उलट काम करतं. नुसत्या सेट्रिझिनच्या गोळीने अशा वेळी भागत नाही, हे आपल्या मजल्यावरच्या दमेकरी आणि शेंगदाण्याची अॅलर्जीवाल्या मंडळींनी लक्षात ठेवलेलं बरं.

हे सगळं कळत गेलं हप्त्याहप्त्याने. १९०२ मध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना अॅनाफिलॅक्सिस ओळखलं, १९०६ मध्ये फॉन पिर्के याने अॅलर्जी हा शब्द दिला. म्हणजे दोन्ही गोष्टी एर्लिखच्या हयातीतल्या. पण त्याची पेशी आणि ही अॅलर्जी यांची गाठ त्याच्या डोळ्यांदेखत पडली नाही. मास्ट पेशींच्या पोटात हिस्टामिन असतं हे डंडीच्या रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं, ते १९५३ च्या सुमाराला. आयजीई सापडलं १९६६-६७ मध्ये, अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींना आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख यांना. मग एक वेळ अशी आली की मास्ट पेशी म्हणजे निव्वळ ताप, असंच सगळे समजायला लागले. १९९६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, की जंतुसंसर्ग झाला की पहिली हाकाटी त्याच देतात, आणि त्या नसलेले उंदीर पटापट मरतात. २००६ मध्ये तर असं दिसलं की त्यांच्या कणांतली विकरं साप आणि मधमाशीच्या विषाचे तुकडे करतात. आतड्यातल्या जंतांशीही त्या भांडतात. म्हणजे मला मारायला निघालेला पहारेकरी एरवी कामाचा आहे. उलट कधीकधी या पेशी स्वतःच बेसुमार वाढतात, त्या आजाराला मास्टोसायटोसिस म्हणतात. त्यात कुर्ली-बिर्ली काही न खाताही असेच झटके येऊ शकतात.

परत एर्लिखकडे. १८७८ मध्ये तो बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लागला. तिथे त्याने रक्ताच्या थेंबाला रंग देऊन पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या काढल्या. आपल्या ब्लड रिपोर्टवर इओसिनोफिल आणि बेसोफिल असे आकडे असतात ना, ती त्याच्या रंगांवरून पडलेली नावं. २४ मार्च १८८२ ला कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. तोच कॉख, ज्याला या पोराबद्दल परीक्षेत नापास होणार असं सांगितलं होतं! एर्लिख त्या सभेला हजर होता. तो घरी गेला आणि कॉखच्या पद्धतीपेक्षा चांगली रंगवण्याची पद्धत शोधायला बसला. स्लाइड विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या होत्या, कामवाल्या बाईने सकाळी न बघता शेगडी पेटवली, आणि गरम झाल्यामुळे जंतू असे झकास रंगले की आम्लाने धुतले तरी रंग सोडेनात. पुढे झील आणि नीलसन यांनी त्यात सुधारणा केली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बेडका तपासायला ती पद्धत आजही वापरतात.

१८८३ मध्ये त्याने हेडविग पिंकुसशी लग्न केलं. ती एकोणीस वर्षांची. दोन मुली झाल्या. आणि मग एक दिवस त्याने आपल्याच शोधाने आपलाच बेडका तपासला. जंतू होते. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची नावंही जन्माला आली नव्हती. १८८८ मध्ये बायकोला घेऊन तो कोरड्या हवेसाठी इजिप्तला गेला आणि पुढच्या वर्षी बरा होऊन आला. आल्यावर हातात नोकरी नाही. बर्लिनमध्ये छोटी खासगी प्रयोगशाळा थाटली आणि उंदीर पाळले.

या उंदरांचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यातलं साहित्य आपल्या ओळखीचं आहे. एरंडाच्या बीतलं रायसिन आणि गुंजेच्या बीतलं आब्रिन. हो, तीच गुंज, जिच्यावर आपले सोनार सोनं तोलायचे. ही दोन्ही जहरी विषं आहेत. एर्लिखने उंदरांना खाण्यातून कणाकणाने रायसिन द्यायला सुरुवात केली, हळूहळू वाढवत नेलं. काही आठवड्यांनी ते उंदीर एरवी जीवघेण्या असलेल्या मात्रेलाही दाद देईनात. पण तेच उंदीर आब्रिन दिल्यावर मरायचे! म्हणजे प्रतिकारशक्ती ही नुसती ताकद नाही, ती एकेका शत्रूची वेगवेगळी ओळख आहे. मग त्याने पिल्लांची अदलाबदल केली. साध्या उंदरीची पिल्लं विषाला सरावलेल्या उंदरीला पाजायला दिली, तर त्या पिल्लांनाही काही काळ संरक्षण मिळालं. आईच्या दुधातून प्रतिकारशक्ती जाते, हे तिथे दिसलं. स्वतः कमावलेली प्रतिकारशक्ती आणि आयती मिळालेली, हा फरक आपण आज ज्या सहजतेने सांगतो, तो या पिंजऱ्यांतून आलेला आहे.

त्याच सुमारास कॉखच्या संस्थेत बेरिंगने घटसर्पावरचं सीरम काढलं. ते कधी लागू पडायचं, कधी नाही, कारण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. एर्लिखने ते मोजायची पद्धत बसवली, एक प्रमाण सीरम ठरवलं आणि सगळ्या बाटल्या त्याच्याशी ताडून बघायच्या असा नियम केला. आपल्या भाषेत सांगायचं तर क्वालिटी कंट्रोल. घटसर्पाने गळा बंद होऊन मुलं मरत होती, त्यामुळे या मोजमापाला किती किंमत होती ते कळेल. १९०१ चं वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल एकट्या बेरिंगला मिळालं. दोघांचं पुढे बिनसलं. मला विचाराल तर यात एर्लिखवर अन्याय झाला, पण त्यालाही १९०८ मध्ये मेचनिकॉफबरोबर नोबेल मिळालं.

मोजता मोजता तो परत आपल्या जुन्या प्रश्नावर आला. विष पेशीला चिकटतं का? त्याने मांडलं, की पेशीच्या अंगावर वेगवेगळ्या आकारांच्या बाजूच्या साखळ्या असतात आणि विष त्यातल्या नेमक्या एकीत कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. अडलेली साखळी भरून काढायला पेशी तशाच आणखी बनवते, गरजेपेक्षा जास्तच, आणि उरलेल्या सुटून रक्तात जातात. त्याच प्रतिपिंडं. तपशील पुढे बरेच बदलले, पण १९०० मध्ये त्याने या साखळ्यांसाठी वापरलेला रिसेप्टर हा शब्द टिकला. आणि आता बघा, अॅलर्जीचा सगळा खेळ ज्या रिसेप्टरवर चालतो, तो बसलाय कुठे? एर्लिखच्याच मास्ट पेशीवर. पेशीही त्याची, कल्पनाही त्याची. दोन्ही एका माणसाच्या डोक्यात वीस वर्षांच्या अंतराने येऊन गेल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

१८९९ मध्ये तो फ्रँकफर्टला आला. माणूस विचित्र होता. दिवसाला पंचवीस कडक सिगार ओढायचा आणि सिगारची पेटी काखेत घेऊन हिंडायचा. ऑफिसातल्या सोफ्यावर, खुर्च्यांवर पुस्तकं आणि कागदांचे ढीग, आलेल्याने बसायचं कुठे? सहकाऱ्यांना रोज रंगीत कार्डांवर काम लिहून द्यायचा (इथेही रंग!). शेरलॉक होम्सच्या गोष्टी त्याला फार आवडायच्या.

औषधाकडे तो रंगांतूनच गेला. रंग जर एखाद्या जंतूलाच चिकटतो, तर त्याच्याबरोबर विष का पाठवू नये? १८९१ मध्ये त्याने मेथिलिन ब्लू देऊन मलेरियाचे दोन रुग्ण बरे केले होते. पुढे आर्सेनिकची शेकडो संयुगं बनवून तपासली. सहाशे सहावं संयुग आधी कुचकामी म्हणून बाजूला ठेवलं होतं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाताने ते सशांवर परत तपासलं आणि सिफिलिसचे जंतू साफ! एक टेस्ट परत करण्याचा कंटाळा न करणाऱ्या या हाताबद्दल फार कमी लिहिलं जातं. १९१० मध्ये ते सालवारसान म्हणून बाजारात आलं, त्याआधी एर्लिखने सुमारे ६५,००० डोस डॉक्टरांना तपासायला फुकट वाटले होते.

इथून त्याचे वाईट दिवस सुरू झाले. औषध हवेत बिघडायचं, ताजं विरघळवून नीट टोचावं लागायचं. कुठे चुकलं की रुग्णाचे हाल व्हायचे, काही दगावलेही. प्रत्येक वाईट बातमी एर्लिखच्या टेबलावर यायची आणि तो एकेकीचा छडा लावत बसायचा. दुसरीकडे, गुप्तरोग ही पापाची शिक्षा आहे, ती बरी करायची कशाला, असं म्हणणारेही होते, आणि त्याच्या ज्यू असण्यावर घसरणारेही. १९१४ मध्ये फ्रँकफर्टला खटला झाला. वासमान नावाच्या पत्रकाराने आरोप केला होता, की तिथल्या रुग्णालयात वेश्यांना हे औषध जबरदस्तीने टोचलं जातं. एर्लिखला साक्षीला उभं राहावं लागलं. बदनामीबद्दल पत्रकाराला एक वर्षाची कैद झाली, पण एर्लिख मनाने थकला. त्यात महायुद्ध सुरू झालं. वर्षाअखेरीस त्याला हलका झटका आला आणि २० ऑगस्ट १९१५ ला बाड होम्बुर्ग इथे तो गेला. वय एकसष्ट.

नाझी आल्यावर फ्रँकफर्टच्या रस्त्यावरचं त्याचं नाव पुसलं गेलं आणि हेडविगला देश सोडावा लागला. ती १९४८ मध्ये अमेरिकेत वारली. युद्धानंतर नाव परत लागलं. १९९० नंतर युरो येईपर्यंत जर्मनीच्या दोनशे मार्कच्या नोटेवर एर्लिखचं चित्र होतं, आणि मागच्या बाजूला सूक्ष्मदर्शक. सीरम तपासायला त्याने जी संस्था उभारली होती, ती आज फ्रँकफर्टजवळ लांगेन गावात त्याच्याच नावाने आहे. जर्मनीतल्या लसींच्या बॅचेस ती तपासते. अॅलर्जी ओळखायला आणि तिच्यावर उपचार करायला जे परागकणांचे, धुळीतल्या किड्यांचे अर्क वापरतात, त्यांना परवानगी देण्याचं कामही तिच्याकडेच आहे.